भावाचं कपाळ, माझे पाय

पुरुषांच्या केसांचं रडगाणं माझ्यापुढे कोणी गाऊ नये. परवा भावाचा नातू सुटीत आला होता. हातात आरसा घेऊन खिडकीपाशी बसला आणि कपाळ किती मागे सरकलं ते मला दाखवू लागला. विशीतलं पोर. म्हणाला, आजी, हे आपल्या घराण्यातच आहे का गं? मी म्हटलं, आहे, आणि तुझ्या आजोबाच्या डोक्यावर ते सुरू झालं तेव्हा त्याचा भुर्दंड मी सोसला आहे, तो आरसा आधी खाली ठेव. त्याला वाटलं म्हातारी उगीच चिडली. उगीच नाही चिडत मी. का चिडते ते आज लिहूनच टाकते.

आम्ही अकोल्याचे. वडील, म्हणजे आप्पा, शाळेत संस्कृत शिकवायचे. घरात आई, आप्पांची धाकटी बहीण म्हणजे आमची आत्या, माझ्याहून मोठा भाऊ आणि मी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता, त्यामुळे शिकलेल्या पोरांचे डोळे नागपूरकडे लागलेले असत. भावालाही तिथल्या सरकारी कचेरीत कारकुनाची जागा हवी होती. अर्ज पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची एवढंच काम, म्हणून उरलेला सगळा वेळ तो केसांची काळजी करी. दोन्ही बाजूंनी त्याचं कपाळ वर चढायला लागलं होतं. टकल्या कारकून साहेबाला म्हातारा वाटेल आणि जागा दुसऱ्याला जाईल, असं त्याच्या डोक्याने घेतलं होतं. त्याच्या लग्नाचंही बोलणं सुरू व्हायचं होतं, तीही धास्ती होतीच.

मग काय, एकेक इलाज. परसातल्या जास्वंदीवर फूल म्हणून राहीना, सगळी फुलं याच्या तेलात. आप्पा गणपतीच्या पूजेला बसले की फुलं कुठे गेली म्हणून विचारत आणि हा बिनदिक्कत सांगे, बकऱ्या शिरल्या होत्या. माक्याचा रस झाला, मेथीचा लेप झाला, कांदा चोळून झाला. कांद्याच्या त्या वासाने आई एकदा जेवणावरून उठली. पण आप्पांना यातलं काही कळता कामा नये, असा आम्हा सगळ्यांना दम होता. केसांचे चोचले नाटकवाल्यांनी करावेत, असं आप्पांचं मत होतं, आणि आप्पांचं मत म्हणजे मत. भाऊ त्यांना इतका भ्यायचा की त्यांचा खाकरण्याचा आवाज आला तरी टोपी डोक्यावर घट्ट दाबायचा.

पंधरवड्याला न्हावी यायचा. आधी भाऊ पुढच्या ओसरीवर बसे आणि अर्धा तास त्याचं चाले. पुढचे जपून काप, इथले नको, तिथले थोडे ठेव. न्हावीही खट होता. म्हणायचा, भाऊ, कपाय वाढूनच राह्यलं तुमचं, म्या काय करू. भाऊचं तोंड उतरे. ते उरकलं की न्हावी धोकटी उचलून घराला वळसा घाली आणि मागच्या दाराशी जाई. तिथे आत्या खाली मान घालून बसलेली असे. तिच्यापुढे आरसा नसे आणि तिला कोणी काही विचारतही नसे. परकरी वयात तिचं लग्न झालं, वर्ष फिरायच्या आत नवरा गेला आणि न्हाण येऊन शहाणी झाल्यावर तिचे केस उतरवले. ज्या घरात मुलगी पडते त्या घरात लगेच माणूस मेलं तर तिला पांढऱ्या पायाची म्हणायचं, ही आमच्याकडची रीत. तिला ते म्हणून झालेलं होतं. एकाच घराच्या पुढच्या अंगणात एक धडधाकट बाप्या चार केसांसाठी गळा काढतो आणि मागच्या अंगणात हे असं. तेव्हाही मला चीड यायची, पण ती कोणावर काढायची ते कळत नव्हतं.

त्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा अमरावतीचा, तिथल्याच कॉलेजात शिकणारा. त्याचे वडील भिक्षुक, पंचक्रोशीत नाव असलेले. मोर्शीपर्यंतची यजमानकी त्यांच्याकडे होती. साखरपुड्याला दोघे बापलेक आमच्याकडे आले. मुलाला जाडजूड काळी मिशी होती आणि केस पुढे ओढून कपाळ झाकलेलं होतं. जेवणं झाल्यावर भाऊ आणि तो ओसरीवर पान खात बसले. मी आतल्या खिडकीला कान लावला. वाटलं, माझ्याबद्दल काही विचारील. मुलगी वाचते का, स्वभावाने कशी आहे, काहीतरी. तर कसलं काय. भाऊ त्याला माक्याचा रस कसा काढायचा ते समजावत होता आणि हा माझा होणारा नवरा मान डोलवून विचारत होता की रस आंघोळीआधी लावायचा का नंतर. दोघांची गट्टी जमली ती टकलावरून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी खिडकी सोडली आणि आत जाऊन खरकटी काढायला लागले.

साखरपुड्याला पंधरा दिवसही झाले नसतील. आई आणि शेजारच्या बायका लग्नाचे पापड लाटत बसल्या होत्या आणि आमच्या समोरचे काका आले. ते कापसाच्या बाजारात दलाल होते, त्यांचं अमरावतीला सारखं जाणंयेणं असे, आणि साखरपुड्यालाही ते होते. आले ते चपला न काढता अंगणातच उभे राहिले आणि आप्पांना बाहेर बोलावलं. सांगितलं ते असं. अमरावतीहून येताना बडनेऱ्याला गाडी बदलून ते डब्यात बसले होते. गाडी सुटता सुटता त्यांना पलीकडच्या फलाटावर आमचे जावई दिसले. डोकं गुळगुळीत भादरलेलं, मिशी उतरवलेली, डोक्यावर टोपी नाही, डोळे सुजून लाल झालेले. हातात फडक्याने तोंड बांधलेलं लहान मडकं. काकांना पाहिलं तशी त्याने उपरण्यात तोंड लपवलं आणि पाठ फिरवली. काका म्हणाले, बिचाऱ्याला बोलवेना, गाडीही सुटली, आता अस्थी घेऊन रामटेकला निघाला असणार. तुमचे व्याही गेले, मास्तर.

आमच्या लोकांत बाप जिवंत असताना मुलगा मिशी उतरवत नाही. उघड्या डोक्याने फिरत नाही. त्यात हातात मडकं. कोणीही दुसरं काही समजलं नसतं, म्हणून त्या काकांवर मी कधी राग धरला नाही. पुढे जे झालं ते मात्र मी विसरले नाही.

आईच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. ती आधी रडली, ते बरोबरच होतं. मग काकांची बायको हळूच म्हणाली, साखरपुड्याचा नारळ अजून देवघरात आहे आणि तिकडे हे. आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. कोणी बोट दाखवलं नाही, कोणी ओरडलं नाही, नुसतं पाहिलं. तो शब्द पहिल्यांदा कोणत्या बाईच्या तोंडून निघाला ते मला आज सांगता येणार नाही, पण दुसऱ्यांदा तो माझ्या आईच्या तोंडून निघाला, ते मी कानांनी ऐकलं.

'माझ्याच पोटी पांढऱ्या पायाची यायची होती,' ती म्हणाली.

लाटलेले पापड तसेच गोळा करून फडक्यात बांधले. बायका हात धुऊन निघून गेल्या. आप्पा म्हणाले, तिकडून कार्ड येईल, वाट पाहू. कार्ड कसलं येतं? येणारच नव्हतं. पण ते येईना तशी घरात आणखी खात्री पटत गेली. आई म्हणे, बघा, कळवलंसुद्धा नाही, म्हणजे त्यांनीही हिलाच दोष दिला, सोयरीक मोडल्यातच जमा आहे. आणि अशी मोडलेली सोयरीक असलेली, असं नाव पडलेली मुलगी पुन्हा कोण करणार? बिजवर, नाहीतर तिजवर. नाहीतर जन्मभर आत्याशेजारी मागच्या खोलीत. हे सगळं माझ्या देखत बोललं जाई, मी जणू तिथे नव्हतेच.

आप्पांच्या शाळेत परीक्षा चालू होत्या. रविवारशिवाय त्यांना समाचाराला जाता येईना, त्यामुळे हे मधले दिवस मला काढावे लागले. मागच्या गल्लीत माझ्या मैत्रिणीचं डोहाळजेवण होतं. मी लुगडं बदलून निघाले तर आईने दारात अडवलं. तिथे गरोदर पोर आहे, तू जाऊ नकोस, म्हणाली. मी परत जाऊन आत्याच्या खोलीत बसले. आत्या तूर निवडत होती. तिने सूप माझ्या बाजूला थोडं सरकवलं आणि आम्ही दोघी खडे काढत राहिलो. तिने मला समजावलं नाही, देवावर विश्वास ठेव वगैरे काही म्हणाली नाही. ते फार बरं वाटलं. त्या दिवसांत घरात तेवढी एकच जागा मला बसायला उरली होती.

आणि भाऊ? भाऊ घरातच होता. जेवत होता, झोपत होता, टोपी घालून चौकापर्यंत फिरून येत होता. आई माझ्या नावाने कपाळ बडवायला लागली की उठून बाहेर जायचा. मला वाटायचं, याला माझं दुःख पाहवत नाही. एकदा तर मीच त्याला म्हटलं, तू नको वाईट वाटून घेऊ. मूर्ख मी. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

रविवारी पहाटे आप्पा आणि भाऊ अमरावतीला गेले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. आम्ही दाराशीच होतो. आप्पा हसत होते. आमचे आप्पा, जे वर्षातून दोनदा हसत, ते अंगणातून हसत आत आले आणि पायरीवर बसून आणखी हसले. मग त्यांनी सांगितलं.

ते तिथे पोचले, तोंड पाडून, पानसुपारी न घेता. तर व्याही स्वतः ओसरीवर पंचांग उघडून बसलेले आणि आमच्याच लग्नाचा मुहूर्त काढत होते. या या म्हणाले. कशासाठी आलात विचारलं, तर आप्पा सहज आलो म्हणाले. माणसाला त्याच्याच तोंडावर, तुमच्या समाचाराला आलो, असं कसं सांगणार? तेवढ्यात मुलगा आतून बाहेर आला, डोकं भादरलेलं आणि त्यावर फोड उठलेले. व्याह्यांनीच मग पाढा वाचला. बडनेऱ्याच्या स्टेशनाजवळ एक वैदू बसतो, त्याच्या औषधाने गेलेले केस येतात असं कोणीतरी या शहाण्याला सांगितलं. वैदूने आधी डोकं साफ करायला लावलं, मिशीही दाट होईल म्हणून तीही काढायला लावली आणि वर बिब्बा चोळला. बिब्बा उतला. डोकं उतलं, डोळे सुजले, टोपी टेकवेना. मडक्यात वैदूचं तेल होतं. सासरच्या गावचा माणूस दिसला म्हणून लाजेने तोंड लपवलं. भिक्षुकाच्या पोटचा पोर, दुसऱ्यांच्या घरी जन्मभर ज्याच्या बापाने दहावं-तेरावं केलं, त्याला एवढं कळू नये? त्याचे वडील म्हणे तेव्हापासून रोज त्याला विचारत होते, मी मेलो काय रे? पण व्याही आप्पांना जेवल्याशिवाय सोडेनात. ज्याच्या समाचाराला गेले त्याच्याच पंगतीला बसून आप्पा श्रीखंड खाऊन आले.

आई तोंडाला पदर लावून हसत होती. समोरचे काका आले, त्यांची बायको आली, आप्पांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं आणि सगळे पुन्हा हसले. आई चहा करायला उठली. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी भिंतीला टेकून होते आणि वाट पाहत होते. कोणीतरी आता माझ्याकडे वळेल आणि म्हणेल, पोरी, आम्ही तुला नाही नाही ते बोललो. कोणी वळलं नाही. आणि तेवढ्यात भाऊ, हसताहसता, काकांना टाळी देत म्हणाला, 'मला तेव्हाच वाटलं होतं, तो बिब्ब्याचा इलाज करून राहिला असेल. त्या वैदूचं मीच तर त्याला सांगितलं होतं.'

घरात आम्ही जरा पुस्तकी बोलायचो, आप्पांमुळे. पण राग आला की मला वऱ्हाडीच येतं, गल्लीत शिकलेलं.

'तुले मालूम होतं?' मी विचारलं. 'मंग इतके दिवस काहून नाही बोलला तू?'

त्याचं हसू गेलं. तो आधी आप्पांकडे बघायला लागला. म्हणाला, नक्की थोडंच माहीत होतं. मग म्हणाला, मी सांगितलं असतं तर मीही डोक्याला काय काय लावतो ते निघालं असतं. आप्पा रागावले असते.

एवढंच कारण. आप्पा रागावले असते. त्यासाठी त्याने मला त्या दारातून परत फिरू दिलं, आईला माझ्या देखत कपाळ बडवू दिलं, गल्लीभर ते नाव फिरू दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर फाशी बघायला शेजारी उभा होता आणि त्याची टोपीसुद्धा हलली नाही. मी त्याला काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. तुझ्या डोक्यावर एक केस राहू नये म्हटलं, ते आठवतं. आई मधे पडली. भरल्या घरात असं अभद्र बोलू नये, झालं ते झालं, व्याही जिवंत आहेत यातच सगळं आलं, रागात माणूस बोलून जातो, तू मनाला लावून घेऊ नकोस. काकांची बायको म्हणाली, मुलीच्या जातीने हसून सोडून द्यावं. म्हणजे बोलणार या, आणि हसून सोडायचं मी.

आप्पा भावाला रागवायला लागले. फार नाही, हसू अजून तोंडावर होतं. गाढवा, एक शब्द बोलायचा होतास, म्हणाले. बहिणीच्या जन्माचा प्रश्न आणि तू तोंड शिवून बसलास, असं काहीतरी म्हणाले.

तेव्हा आत्या दारातून पुढे आली. परकी माणसं बसलेली असताना ती कधी पुढच्या खोलीत येत नसे. विधवेचं तांबडं आलवण कपाळावर ओढून ती आप्पांच्या समोर उभी राहिली.

'दादा,' ती म्हणाली, 'बाबांच्या संगतीने माझ्यासाठी मुलगा पाहायला तू गेला होतास. एक रात्र त्याच्याच खोलीत झोपला होतास. खोकल्यातून त्याला रक्त पडत होतं, ते तुला माहीत होतं ना?'

आप्पांच्या हातात अडकित्ता होता, तो त्यांनी मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. इतकी वर्षं त्या घरात त्यांना असं कोणी विचारलं नव्हतं.

'होतं,' आप्पा म्हणाले. 'बाबांना सांगायची छाती झाली नाही.'

आत्या आत गेली. काका आणि त्यांची बायको चहा न घेताच उठले. आई चुलीपाशी उभी होती, तिने आधण उतरवून ठेवलं. भाऊ तेवढा टोपी हातात घेऊन उघड्या डोक्याने तिथेच बसून राहिला आणि त्याचं कपाळ किती मागे गेलं आहे ते सगळ्यांना दिसत होतं, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

वैशाखात माझं लग्न झालं, त्याच मुलाशी. त्याच्या डोक्यावर तेव्हा जेमतेम खुंट आले होते. मांडवात सगळे होते. भाऊने पाठीशी उभं राहून नवरदेवाचा कान पिळायचा मान घेतला आणि आईने माझ्या पायांवर स्वस्तिकं काढली. आत्या कोठीच्या खोलीत अक्षता निवडत बसली होती. विधवेने समोर येऊ नये, म्हणून तिला कोणी बोलावलं नाही. आप्पांनीसुद्धा नाही.